अण्णा वर गेल्यावर काय म्हणाले असतील

अण्णा गेले त्याच्या चौथ्या दिवशी आत्यानं मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "दहावा नाही, पिंड नाही, कावळा शिवणं नाही, हातात राखसुद्धा नाही, मग त्याला गती कशी मिळायची गं बाई? आणि वर देवानं विचारलं त्याला, की जन्मभर माझं नाव का नाही घेतलंस, तर काय सांगेल तो?" मी काहीच बोलले नाही. गॅसवर चहा उकळत होता तो गाळला आणि बाहेर नेऊन दिला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. दोन वर्षं झाली आता, अजूनही भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही मध्येच आठवतो, म्हणून आज लिहायला बसले.

आधी हे सांगते की मी स्वतः देव मानते. एकादशी धरते, वर्षातून एकदा आळंदीला जातेच, आणि झोपताना विठ्ठलाचं नाव घेतल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. त्यामुळे माझ्यासाठी हा काही आस्तिक विरुद्ध नास्तिक असा वादाचा विषय नाही. माझ्या श्रद्धेप्रमाणे अण्णा कुठेतरी आहेत, कुणाच्या तरी समोर उभे राहिलेत, आणि ज्याच्यासमोर उभे आहेत त्याला त्यांनी ५५ वर्षं "नाही" म्हटलंय. मुलगी म्हणून मला काळजी वाटणारच ना.

अण्णांचं कराडला पाटण रोडवर ट्रकचं गॅरेज होतं. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या आणि घाट म्हटला की सगळं ब्रेकवर, म्हणून अण्णांचा हात ब्रेकच्या कामात बसलेला. खंडेनवमीला गॅरेजमधली पोरं झेंडूची तोरणं लावायची, नारळ फोडायची, अण्णा कधी अडवायचे नाहीत. स्वतः मात्र हात जोडायचे नाहीत. सकाळी सहापासून रॉकेलचं घमेलं घेऊन बसायचे आणि एकेक पाना, एकेक सॉकेट घासून, फडक्यानं कोरडं करून, थोडं ऑईल लावून ओळीनं गोणपाटावर मांडायचे. पोरं त्यावर हळद-कुंकू वाहायची. लहानपणी मला वाटायचं की अण्णाही पूजाच करतायत, फक्त तोंडानं काही म्हणत नाहीत. हे एकदा त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुला तसं वाटत असेल तर तसं. मला हत्यारं स्वच्छ हवीत."

त्यांचं "नाही" कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहिती आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. अण्णा १२ वर्षांचे, आत्या १६ ची आणि धाकटी बहीण चार वर्षांची. घर कोयनानगरच्या बाजूलाच होतं, दगडमातीच्या भिंती, वर कौलं. धाकटी भिंतीकडेला झोपलेली. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, त्यात एक ती. पाहुणे म्हणायचे की बहीण गेली म्हणून हा देवावर रागावला, आणि अण्णांना हे वाक्य अजिबात आवडायचं नाही. म्हणायचे, रागवायला समोर कुणी असावं लागतं. त्यांच्या मनात जे बसलं ते वेगळंच होतं. भूकंपानंतर तंबूत राहायला लागलेलं, थंडीचे दिवस, आणि तिथे कुणीतरी मोठा माणूस सगळ्यांना सांगत होता की गावात पाप वाढलं म्हणून देवी कोपली. अण्णांनी विचारलं, माझ्या बहिणीनं काय पाप केलं होतं? तर त्या माणसानं सांगितलं, मागच्या जन्मीचं असेल. अण्णा म्हणायचे की त्या क्षणी मी उठून बाहेर गेलो, आणि परत त्या तंबूत काही गेलो नाही. हे शेवटचं वाक्य ते नेहमी असंच बोलायचे, त्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला. पुढे मोठे झाल्यावर त्यांनी वाचलं की कोयनेचा भूकंप धरणात साठलेल्या पाण्याच्या भाराशी जोडला जातो आणि या प्रकारच्या भूकंपांचं जगात सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण आपलं कोयनाच आहे. त्यांना ते पटलं. मेलेल्या पोरीच्या माथी पाप मारायची गरज राहिली नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि आत्या? तीच रात्र, तेच घर, तीच बहीण. आत्या त्यातून देवाला घट्ट धरून बाहेर आली. दोघांनी एकमेकांना कधी नावं ठेवली नाहीत. आत्या आली की अण्णा तिच्या पूजेसाठी सकाळी स्वतः जास्वंद काढून आणायचे.

तर मी शोधायला लागले की दुसऱ्या नास्तिक लोकांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलंय. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं. किस्सा असा सांगतात की त्यांना कुणीतरी विचारलं, मेल्यावर खरंच देव समोर आला तर काय म्हणाल, आणि ते म्हणाले, "देवा, पुरावा पुरेसा नव्हता." रसेल १९७० मध्ये ९७ वर्षांचे होऊन गेले, एवढ्या आयुष्यात मत बदललं नाही. उत्तर खरंय आणि प्रामाणिक आहे. पण मला ते कोर्टातल्यासारखं वाटतं, जणू देवानं कागदपत्रं वेळेत जोडली नाहीत. अण्णा असं बोलणार नाहीत.

दुसरं उत्तर इंग्रज नट आणि लेखक स्टीफन फ्रायचं. २०१५ मध्ये आयर्लंडच्या टीव्हीवर त्याला हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला की मीच देवाला विचारेन, लहान मुलांना हाडांचा कॅन्सर का? ते कसलं जग बनवलंस? यावर तिथे कुणीतरी ईश्वरनिंदेची तक्रार केली, पोलिसांनी २०१७ मध्ये ती सोडून दिली, आणि २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ईश्वरनिंदेचा गुन्हाच घटनेतून काढून टाकला. तो व्हिडिओ बघताना मला रडू आलं कारण मला कोयनेच्या तंबूतला १२ वर्षांचा मुलगा दिसत होता. हा प्रश्न देवाला विचारायचा हक्क माणसाला आहे असं मला मनापासून वाटतं, आणि देव मानणारी असून वाटतं.

कारण आपल्याकडे तर हे सगळ्यात आधी बोलून झालंय. महाभारतात वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला काय काय म्हणते! लाकडाची बाहुली दोरीनं हलवावी तसा विधाता माणसाला हलवतो, चांगली माणसं रानात आणि वाईट माणसं राज्यावर, असला कसला न्याय. आणि युधिष्ठिर तिला म्हणतो की तू हे नास्तिक्य बोलतेयस. म्हणजे बघा, द्रौपदीवर हा शिक्का बसलाय. पण कृष्णानं काही तिच्याशी सख्य तोडलं नाही. कठोपनिषदात नचिकेता तीन रात्री उपाशीपोटी यमाच्या दारात बसतो, आणि यम आल्यावर त्याला विचारतो की माणूस मेल्यावर काही जण म्हणतात तो असतो, काही म्हणतात नसतो, खरं काय ते सांग. यम त्याला गाई देऊ करतो, हत्ती देऊ करतो, सोनं देऊ करतो, म्हणतो हा प्रश्न सोडून दुसरं काहीही माग, आणि असंही म्हणतो की याबद्दल पूर्वी देवांनासुद्धा शंका होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसतीच बसले. देवांनासुद्धा! मग पाटण रोडवरच्या मेकॅनिकला शंका आली तर त्यात एवढं काय बिघडलं?

आणि आपले तुकोबा, ज्यांच्या नावानं आपण पंढरीला चालत जातो, ते एका अभंगात "माझे लेखी देव मेला" असं म्हणून मोकळे होतात. त्यांना कुणी विचारलं का, की आता तुला गती कशी मिळणार?

हो, पण एक फरक आहे आणि तो मी लपवणार नाही. द्रौपदी, नचिकेता, तुकोबा हे सगळे समोर कुणीतरी आहे असं धरून बोलत होते, भांडत होते. भांडणाऱ्याची सोय आपल्याकडे आहेच. भागवतात तर शत्रुत्व करणाऱ्या शिशुपालालाही मुक्ती मिळाली, द्वेषानं का होईना सतत देवाचाच विचार केला म्हणून. अण्णांच्या मनात द्वेष नव्हता, भांडण नव्हतं. त्यांच्यासाठी ती खुर्ची रिकामीच होती. "नास्तिक" या शब्दाचा पाणिनीच्या सूत्रावरच्या टीकेत जो अर्थ सांगितलाय तो म्हणजे ज्याच्या मते परलोक नाही, आणि अण्णा अगदी त्या अर्थानं नास्तिक होते. पूर्ण, शांत. आत्याला भीती वाटते ती याचीच.

आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा एकानं गीतेतलं "संशयात्मा विनश्यति" टाकलं. नाव घेऊन नव्हतं टाकलं, पण अण्णा जाऊन आठवडाही झाला नव्हता, सगळ्यांना कळलं कुणासाठी आहे. आईनं फोन उलटा करून ठेवला. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते. संशयात्मा म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवणारा. इकडे नवस बोलायचा, तिकडे मनात म्हणायचं होतंय का बघू. अण्णांचे दोन्ही पाय एकाच दगडावर होते. आणि त्याच गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की मी सगळ्या भूतांना सारखाच, मला कुणी नावडता नाही आणि कुणी आवडता नाही. तेही टाकायला हवं होतं ग्रुपवर.

हॉस्पिटलमधला शेवटचा आठवडा सांगते. ऑक्सिजनचा मास्क होता, बोलताना धाप लागायची. एक वयस्कर नातेवाईक भेटायला आलेले, माणूस अतिशय मायाळू, अण्णांवर त्यांचा खरंच जीव, त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अण्णा, एकदाच नारायण म्हणा. अजामिळानं तर मुलाला हाक मारली होती, तरी तरला. तुमचं काय जातंय?" अण्णांनी मास्क थोडा बाजूला केला. श्वास जमवायला वेळ लागला त्यांना. मग म्हणाले, "आत्ता म्हटलं तर खोटं होईल." आणि मास्क परत लावून त्यांचाच हात थोपटला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

भगतसिंगांचं मला नंतर वाचायला मिळालं. १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांनी आपण नास्तिक का आहोत ते लिहिलं. त्यात शेवटी सांगितलंय की एक मित्र त्यांना प्रार्थना कर म्हणाला, तुझे शेवटचे दिवस आले की तू मानायला लागशील म्हणाला, आणि त्यांनी सांगितलं की स्वार्थासाठी मी प्रार्थना करणार नाही, ते माझ्यासाठी अधःपतन होईल. २३ मार्च १९३१ ला फाशी झाली, वय २३. अण्णांचं मरण त्यांच्यासारखं मोठं नव्हतं, जनरल वॉर्डातलं होतं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा खोकला ऐकू येत होता. पण ते वाक्य एकाच जातीचं आहे असं मला वाटतं.

याच्या उलट मला जे अजिबात पटत नाही ते पास्कलचं. सतराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती, त्याचं म्हणणं त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापून आलं, की देव आहे असं धरून चाला, असला तर सगळंच मिळेल आणि नसला तर विशेष काही जात नाही. गणित बरोबर असेलही. पण मी माझ्या विठ्ठलावर असा डाव लावलेला नाही. मला त्याची आठवण येते म्हणून मी त्याचं नाव घेते, आणि कुणी केवळ सेफ साईड म्हणून त्याचं नाव घेतलं तर त्याला ते कळत नसेल का? ज्याला सगळं कळतं असं आपण म्हणतो त्याला हा हिशोब कळणार नाही? माझं म्हणणं एवढंच आहे की खोट्या "हो" पेक्षा खरं "नाही" घेऊन त्याच्यासमोर उभं राहणं जास्त बरं, आणि माझा देव ते ओळखेल अशी माझी श्रद्धा आहे. नसेल ओळखत तर माझीच श्रद्धा कुठेतरी चुकतेय.

२०१३ च्या २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या दिवशी अण्णांनी दुपारी गॅरेजचं शटर ओढलं. अण्णा कुठल्या संघटनेत नव्हते, सभांना जायचे नाहीत, पण दाभोलकर साताऱ्याचे, आपल्या भागातला माणूस, त्यांना ऐकलेलं होतं. घरी येऊन जेवले नाहीत. "त्यांनी कुणाचा देव काढून घेतला होता?" एवढंच आईला म्हणाले. त्यानंतर काही आठवड्यांतच पोप फ्रान्सिस यांनी इटलीतल्या एका नास्तिक संपादकाला पत्र लिहिलं होतं की देवाच्या दयेला सीमा नाही आणि जो मानत नाही त्याच्यासाठी प्रश्न आपल्या विवेकाचं ऐकण्याचा आहे. हे मला आत्ता कळलं. तेव्हा कळलं असतं तर अण्णांना वाचून दाखवलं असतं.

विवेकाचं ऐकणं म्हणजे काय ते मला घरात बघायला मिळालं. मी नववीत असेन. पावसाळ्याची रात्र, साखरेची पोती भरलेला ट्रक चिपळूणला निघालेला, ड्रायव्हर फक्त हवा चेक करायला थांबला होता. अण्णांनी चाक उघडून बघितलं तर ब्रेकचे लायनर घासून पार रिव्हेट दिसायला लागलेले. ड्रायव्हर म्हणाला, माल सकाळी पोचवायचाय, दत्तगुरू आहेत, उतरतो हळूहळू. अण्णा काही बोलले नाहीत, केबिनमध्ये चढले, चावी काढली आणि शर्टच्या खिशात टाकली. केवढा वाद झाला. तो माणूस अंगावर आला, शिव्या दिल्या, मालकाला फोन लावला, मालकानं अण्णांना शिव्या दिल्या. अण्णांनी चावी दिली नाही. शेवटी तो आमच्याकडे जेवला, पिठलं-भाकरी होती, आणि गॅरेजमध्येच झोपला. सकाळी दुकान उघडल्यावर अण्णांनी लायनर आणून बसवले आणि चावी दिली. निघताना ड्रायव्हरनं काचेजवळच्या दत्ताच्या फोटोला हात लावला आणि आईला म्हणाला, "वहिनी, काल दत्तगुरूंनीच मला थांबवलं." अण्णा खाली उभं राहून त्याला सांगत होते, घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नकोस, पाऊस आहे.

ड्रायव्हर म्हणाला ते मी आजही खरं मानते. त्या रात्री थांबवणारा तोच होता. फक्त त्याचा हात अण्णांच्या मनगटाला होता आणि त्याला ग्रीस लागलेलं होतं. अण्णांना हे पटलं नसतं, आणि त्यांनी ते कबूल करावं असंही मला वाटत नाही. आता वर गेल्यावर त्या दोघांत याबद्दल काय बोलणं झालं असेल ते त्या दोघांचं.

अण्णांनी नेत्रदानाचा, देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. गेल्यावर आधी आयबँकेला फोन, त्यांनी फोनवरच सांगितलं की पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा. तो कापूस मी ठेवला. सहा तासांच्या आत यायला लागतं, ते दोन तासांतच आले, वीस मिनिटांत काम झालं. मग डेथ सर्टिफिकेट, आधारची झेरॉक्स, सह्या, आणि बॉडी मेडिकल कॉलेजला. गाडीचं दार लागलं तेव्हा आत्या मागून पुढे आली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली. घाटावर नेतात तसं काहीच नव्हतं, ना मडकं ना पाणी, तिला काय करावं सुचत नव्हतं.

महाभारताच्या शेवटाला, स्वर्गारोहणपर्वात, युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर तिथे दुर्योधन थाटात बसलेला. तो विचारतो, माझे भाऊ कुठे आहेत? मग त्याला दुर्गंधीच्या, अंधाराच्या वाटेनं नेतात आणि तिथे त्याला भीमाचा, कर्णाचा, द्रौपदीचा आवाज ऐकू येतो. ज्यानं जन्मभर धर्म धर्म केलं तो तिथे देवांनाही दोष देतो आणि धर्मालाही, आणि देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच थांबतो. मला पूर्वी वाटायचं की अण्णांना देवासमोर काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि ते उत्तर मी शोधून ठेवायला हवं. हे वाचल्यापासून तसं वाटत नाही.

परवा सर्वपित्रीला आत्याकडे गेले होते. ती आता ७५ च्या घरात, गुडघे दुखतात, तरी वाडी तिनेच केली. गच्चीत पानं मांडली, सासऱ्यांचं, सासूबाईंचं, काकांचं. एक पान वेगळं होतं. भाकरी, खर्डा, खीर, आणि बाजूला स्टीलच्या छोट्या पेल्यात चहा. मी विचारलं, हे कुणाचं? म्हणाली, "अण्णाचं. त्याला आवडलं नाही तर नसू दे, मला ठेवायचंय."

मग आम्ही दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. मी तिला युधिष्ठिराची गोष्ट सांगितली, तिला माहितीच होती, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतली. म्हटलं, आत्या, तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, अण्णा वर गेल्यावर काय सांगतील. ती बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिली.

"काय सांगायचाय," ती म्हणाली. "त्याच्याशी बोलायला थांबलाच नसेल तो. आधी धाकटीला शोधत गेला असेल."

चहावर साय धरायला लागली होती. आत्यानं पुढे वाकून बोटानं ती बाजूला केली.